शीर्षबिंदूच्या नेहमीच्या चुका व त्यांवरील उपाय

मुलांच्या वह्या तपासताना ऱ्हस्वदीर्घाची चूक शिक्षकाच्या नजरेत चटकन भरते. कारण वेलांटी व उकार ही ठसठशीत चिन्हे आहेत. शीर्षबिंदूचे तसे नाही. तो अक्षराच्या माथ्यावरचा एक ठिपका. गळाला तरी वाचणारा संदर्भाने अर्थ जुळवून पुढे जातो आणि अधिक पडला तरी फारसे कोणी अडखळत नाही. त्यामुळे या चुकीकडे दुर्लक्ष होते आणि ती मुलाबरोबर पहिलीतून चौथीत, चौथीतून माध्यमिक शाळेत व तेथून कचेरीच्या टेबलापर्यंत जाते. वस्तुतः या एका ठिपक्यावर मराठीत एक की अनेक हे ठरते, आदर की अनादर हे ठरते, आणि एखाद्या मुलाचे आडनाव जन्मभर कसे लिहिले जाणार हेही कित्येकदा त्यावरच ठरते. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे अगत्याचे आहे.

१. बिंदूचे काम काय?

पुढील दोन वाक्ये फळ्यावर लिहून पाहावीत.

मुलाचा खाऊ आला आहे.
मुलांचा खाऊ आला आहे.

पहिल्या वाक्यात खाऊचा धनी एकच मुलगा आहे. दुसऱ्यात तो सर्वांचा आहे. दोन्ही वाक्यांतील अक्षरे तीच, त्यांचा क्रम तोच. भेद केवळ बिंदूचा. तसेच ‘पाच गावातील विहिरी’ असे लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे, हे वाचणाऱ्यास नीट कळत नाही. ‘पाच गावांतील विहिरी’ म्हणजे गावे पाच. ‘गावातील पाच विहिरी’ म्हणजे गाव एक व विहिरी पाच. पाण्याची टंचाई असलेल्या वर्षी असा तक्ता तालुक्याला पाठविताना हा भेद क्षुल्लक म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. त्या भाषेत अपॉस्ट्रॉफी नावाचे एक स्वल्पविरामासारखे चिन्ह अक्षराच्या वरच्या बाजूस देतात. मुलाची वही म्हणावयाचे असेल तर ते एस या अक्षराच्या आधी येते. अनेक मुलांच्या वह्या म्हणावयाचे असेल तर ते एसच्या नंतर येते. हे चिन्ह कोठे द्यावे याविषयी इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही नित्य चुकतात. याचे कारण उघड आहे. बोलताना या दोन्ही रूपांचा उच्चार एकच होतो. भेद आहे तो लेखनातला. कानाला जे स्पष्ट ऐकू येत नाही ते हाताने लिहावयाचे, ही अडचण मराठीतील बिंदूच्या बाबतीतही पुष्कळ अंशी तीच आहे. ती एकदा ध्यानात आली म्हणजे मूल चुकते ते हलगर्जीपणाने नव्हे, हेही ध्यानात येते.

२. जुनी पद्धत व नवी पद्धत

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. त्या काळचे मराठी पुस्तक उघडले तर पानोपानी बिंदूंची दाटी दिसते. ‘घरें’, ‘त्यानें’, ‘घरीं’, ‘नाहीं’, ‘दांत’, ‘पांच’, ‘गांव’ असे लेखन तेव्हा शुद्ध मानीत. त्यांतील पुष्कळ बिंदू उच्चारात ऐकू येत नसत. ते व्युत्पत्तीसाठी किंवा व्याकरणातील रूप ओळखू यावे म्हणून दिले जात. ‘दांत’ या शब्दावरील बिंदू संस्कृत ‘दन्त’ शब्दातील नकाराची आठवण होती. ‘तें’ म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन व ‘ते’ म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन, ‘नांव’ म्हणजे नाम व ‘नाव’ म्हणजे होडी, असे भेद त्या बिंदूंनी दाखविले जात. पद्धत तर्कशुद्ध होती. परंतु तीप्रमाणे बिनचूक लिहावयाचे तर लिहिणाऱ्यास संस्कृत व प्राकृत यांची ओळख असावी लागे. खेड्यातील मुलास ती कोठून असणार?

पुणे, मुंबई, विदर्भ व मराठवाडा येथील चार साहित्यसंस्थांनी मिळून १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन केले. आपल्या मराठवाडा साहित्य परिषदेचा त्यांत समावेश होता. महामंडळाने शुद्धलेखनाचे १४ नियम तयार केले व ते १९६२ साली शासनमान्य झाले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडून एकूण १८ नियम झाले. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा आणि हे नवे लेखननियम एकाच वयाचे आहेत. नियमांचे मुख्य सूत्र असे की, जो अनुस्वार उच्चारात नाही तो लेखनातही नको. संस्कृत न जाणणाऱ्या मुलावरील मोठे ओझे या सूत्राने उतरले.

येथे एक सावधगिरी ठेवावी. आजोबांच्या पोथीत किंवा ग्रंथालयातील जुन्या पुस्तकात मुलाने ‘नाहीं’ असे वाचले व शंका विचारली, तर ‘ते चूक आहे’ असे उत्तर देऊ नये. ‘त्या काळी तसे लिहीत, आज आपण असे लिहितो’ असे सांगावे. त्यात जुन्या ग्रंथकारांचा मान राहतो व भाषा बदलत असते हे ज्ञानही मुलास सहज मिळते.

३. ध्यानात ठेवावयाचे नियम

(अ) जो अनुस्वार स्पष्ट ऐकू येतो त्याबद्दल बिंदू द्यावा. आंबा, चिंच, घंटा, निबंध, रंग. हा बिंदू एकच दिसत असला तरी पुढील अक्षराप्रमाणे त्याचा उच्चार पालटतो. आपल्याच जिल्ह्यातील गावांची नावे घेऊन हे उत्तम रीतीने शिकविता येते. ‘गंगापूर’ म्हणताना ग च्या आधी ङ् चा, ‘चिंचोली’ म्हणताना च च्या आधी ञ् चा, ‘अजिंठा’ म्हणताना ठ च्या आधी ण् चा, ‘शेंद्रा’ म्हणताना द च्या आधी न् चा आणि ‘फुलंब्री’ किंवा ‘संभाजीनगर’ म्हणताना ब व भ यांच्या आधी म् चा उच्चार होतो. वर्णमालेतील पाच वर्ग व त्यांची पाच अनुनासिके यांचा हा जिवंत तक्ताच आहे. मुले ही नावे रोज एसटीच्या पाटीवर वाचतात. तेव्हा वेगळी उदाहरणे शोधण्याचे कारण नाही.

(आ) य, र, ल, व, श, ष, स, ह या अक्षरांपूर्वी अनुस्वार आला तर केवळ बिंदू द्यावा. संयम, संरक्षण, संवाद, वंश, हंस, सिंह. येथे उच्चारात व सारखा ध्वनी ऐकू येतो, म्हणून मुले ‘सिंव्ह’ किंवा ‘सौंवाद’ असे लिहितात. उच्चार तसा करावा, लेखन मात्र तसे करू नये.

(इ) नामाच्या व सर्वनामाच्या अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले म्हणजे बिंदू द्यावा. मुलांना, मुलींनी, शाळांत, घरांपुढे, त्यांचा. आदरार्थी अनेकवचनातही हाच नियम आहे: मुख्याध्यापकांनी, सरपंचांचे, बाईंना.

(ई) याव्यतिरिक्त कोठेही बिंदू देऊ नये. घरे, मुले, नाव, गाव, पाच, दात, काही, नाही, येथे, त्याने हे शब्द बिंदूवाचून लिहावेत.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत बिंदूऐवजी पुढील वर्गाचे अनुनासिक लिहिण्याची मुभा आहे. ‘पंडित’ व ‘पण्डित’ ही दोन्ही रूपे चालतात. परंतु ‘दंगा’, ‘खंत’, ‘संप’ अशा शब्दांत ती मुभा नाही. तेथे बिंदूच हवा. काही ठिकाणी अर्थभेदासाठी असे लेखन आवश्यकच होते. ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये व ‘वेदान्त’ म्हणजे तत्त्वज्ञान. ‘देहांत’ म्हणजे शरीरांमध्ये व ‘देहान्त’ म्हणजे मृत्यू. प्राथमिक शाळेत मात्र बिंदूचेच लेखन शिकवावे. दोन पद्धती एकदम शिकविल्याने मूल गोंधळते.

४. चुकांचे प्रकार व कारणे

पहिला प्रकार: अनेकवचनातील बिंदू गळणे. ‘मुलाना’, ‘शिक्षकानी’, ‘शाळामध्ये’ हे लेखन सर्वत्र आढळते. ‘ना’, ‘नी’ व ‘मध्ये’ यांच्या आरंभी स्वतःच अनुनासिक वर्ण असल्यामुळे त्यापूर्वीचा अनुस्वार त्यात मिसळून जातो व कानाला वेगळा जाणवत नाही. म्हणून येथे कानावर विसंबू नये. ‘एक की अनेक?’ हा प्रश्न मुलाने स्वतःस विचारावा. अनेक असतील व पुढे प्रत्यय असेल तर बिंदू, हे सूत्र पुरेसे आहे.

संख्यावाचक शब्द असेल तर हे काम आणखी सोपे होते. ‘आठ दिवसांत’, ‘दहा वर्षांचा मुलगा’, ‘शंभर रुपयांची नोट’, ‘दोन महिन्यांपूर्वी’, ‘थोड्या शब्दांत’ या सर्व ठिकाणी बिंदू हवा. ‘आठ दिवसात’ व ‘दहा वर्षाचा’ हे लेखन कचेरीच्या पत्रांतही सर्रास दिसते; शाळेने तरी ते टाळावे. ‘आम्हांला’ व ‘तुम्हांला’ ही अनेकवचनी सर्वनामेही नियम काटेकोर लावल्यास बिंदूनेच लिहावी लागतात.

दुसरा प्रकार: एकवचनावर बिंदू पडणे. ‘प्रत्येक विद्यार्थ्यांनी वही आणावी’ हे वाक्य चुकीचे आहे. ‘प्रत्येक’ हा शब्द अनेकांतील एकेकास निवडून दाखवितो, म्हणून त्यापुढे एकवचनच येते: ‘प्रत्येक विद्यार्थ्याने वही आणावी’. अनेकवचन हवे असेल तर ‘सर्व विद्यार्थ्यांनी’ असे म्हणावे. ‘एकाही मुलाने’, ‘समितीने’, ‘वर्गाने’ ही रूपेही एकवचनीच राहतात, मग समितीत सभासद कितीही असोत.

तिसरा प्रकार: आदरार्थी बिंदू गळणे. ‘वडील’ हा शब्द आपण एका व्यक्तीविषयी वापरतो, तरी तो नेहमी आदरार्थी अनेकवचनात असतो. म्हणून ‘वडिलांचे नाव’ असेच लिहावे. ‘वडिलाचे नाव’ असे लिहिल्याने नियमभंग तर होतोच, पण कानालाही ते खटकते. ‘आईचे नाव’ येथे मात्र बिंदू नाही, कारण आईला आपण एकवचनाने जवळ करतो. अर्जाच्या आरंभी ‘मा. गटशिक्षणाधिकारी यांस’ असे लिहितात. त्या ‘यांस’ मधील बिंदू गळून ‘यास’ झाले तर ज्यांना विनंती करावयाची त्यांचाच एकेरी उल्लेख होतो. चौथीच्या वर्गात अर्जलेखन शिकविताना हे आवर्जून सांगावे.

चौथा प्रकार: जुने बिंदू चिकटून राहणे. ‘नांव’, ‘गांव’, ‘कांही’, ‘करतांना’, ‘असतांना’ हे बिंदू शासनमान्य नियमांनी १९६२ सालीच रद्द झाले. तरी पाट्यांवर, पत्रांत व फलकांवर ते अद्याप टिकून आहेत. ‘तेंव्हा’, ‘जेंव्हा’, ‘केंव्हा’ यांतील बिंदूचीही गत तीच. तेव्हा, जेव्हा, केव्हा, जाताना, बोलताना, असताना, असे लिहावे. आपल्या तालुक्यांपैकी एकाचे नावच ‘सोयगाव’ आहे. ‘गाव’ शब्दाचे शुद्ध रूप शिकविण्यास त्याहून सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

या चुकीस आपल्या भागात आणखी एक कारण आहे. येथील पुष्कळ मुले घरी किंवा बाजारात उर्दू, दखनी अथवा हिंदी ऐकतात व बोलतात. त्या भाषांत ‘नहीं’, ‘गाँव’, ‘पाँच’, ‘दाँत’ या शब्दांतील अनुनासिक आजही उच्चारात आहे. हिंदीत त्यासाठी बिंदू किंवा चंद्रबिंदू देतात, तर उर्दूत शब्दाच्या शेवटी नून गुन्ना नावाचे अक्षर लिहितात. गंमत अशी की, उर्दूतील साध्या नूनमध्ये नुक्ता असतो आणि नून गुन्नामध्ये तो नसतो. म्हणजे मराठीत ठिपका दिल्याने जे दाखवितात ते तेथे ठिपका काढल्याने दाखविले जाते. अशा घरातील मूल ‘नाहीं’ किंवा ‘पांच’ लिहीत असेल तर ते अज्ञानाने नव्हे. एका भाषेचे ज्ञान ते दुसरीत आणत आहे. त्यास रागावण्याऐवजी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून दाखवावेत: हिंदी ‘गाँव’, मराठी ‘गाव’, हिंदी ‘पाँच’, मराठी ‘पाच’. दोन भाषा जाणणारे मूल हा भेद फार लवकर उचलते.

पाचवा प्रकार: बिंदू शेजारच्या अक्षरावर पडणे. ‘सुंदर’ ऐवजी ‘सुदंर’, ‘आनंद’ ऐवजी ‘आनदं’, ‘पतंग’ ऐवजी ‘पंतग’. ही चूक कानाची नसून हाताची आहे. मूल सगळा शब्द लिहून शिरोरेघ ओढते, मग बिंदूची आठवण होऊन मागे येते व जेथे हात पडेल तेथे ठिपका देते. उपाय असा की, प्रथम शब्द तोडून म्हणावयास लावावा: सुं-द-र, आ-नं-द, प-तं-ग; आणि ज्या अक्षराचा बिंदू त्या अक्षराबरोबरच देण्याची सवय लावावी. वेलांटी, मात्रा किंवा रफार यांच्यासह बिंदू आला म्हणजे तो त्या चिन्हाच्या उजव्या अंगास द्यावा. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द या दृष्टीने कठीण आहे. तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवावा.

सहावा प्रकार: जोडाक्षराच्या जागी बिंदू. ‘अंन’, ‘जंम’, ‘अंयाय’, ‘समंवय’ हे लेखन चूक आहे. न, म, य, व यांच्याशी न् किंवा म् प्रत्यक्ष जोडलेला असेल तर जोडाक्षरच लिहावे: अन्न, जन्म, अन्याय, समन्वय. याउलट काही मुले दोन्ही देतात व ‘संम्मेलन’ लिहितात. ‘संमेलन’ किंवा ‘सम्मेलन’ लिहावे; एका अनुनासिकाचे काम दोघांकडे देऊ नये. इंग्रजीतून आलेल्या ‘बँक’, ‘बँड’ या शब्दांत अर्धचंद्रावर बिंदू द्यावा लागतो. ‘बॅक’ लिहिल्यास तो शब्दच वेगळा होतो.

सातवा प्रकार: बोलीतील बिंदू औपचारिक लेखनात येणे. ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ यांतील बिंदू अनुनासिकाचा नाही; शेवटचा अ लांबवून उच्चारावा याची ती खूण आहे. गोष्टीतील पात्राच्या तोंडी असे लिहिण्यास नियमांनीच मोकळीक दिली आहे. निबंधात, अर्जात व अहवालात मात्र ‘असे केले’, ‘मी म्हटले’ असे लिहावे. एकाच वाक्यात ‘असं केले’ अशी सरमिसळ कोठेच नको.

५. वर्गातील पाठ

वरील नियम पाठ करून घेण्याने विशेष लाभ होत नाही. तिसरी व चौथीच्या वर्गांसाठी पुढील क्रम उपयुक्त आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत हे दोन्ही वर्ग एकत्र बसवूनही तो घेता येतो.

पहिल्या दिवशी लेखन घेऊ नये, केवळ ऐकणे व ओळखणे घ्यावे. शिक्षकाने ‘शेळीला पाला घाल’, ‘शेळ्यांना पाला घाल’, ‘बैलाला पाणी दाखव’, ‘बैलांना पाणी दाखव’ अशी घरच्या कामातील वाक्ये म्हणावीत. एक असेल तर मुलांनी एक बोट वर करावे, अनेक असतील तर पंजा दाखवावा. मुलांना व्याकरण येत असते. त्याचे नाव तेवढे ठाऊक नसते, हे या खेळात दिसून येते.

दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये फळ्यावर बिंदूवाचून लिहावीत. मुलांनी एकेक करून पुढे येऊन, जेथे पंजा दाखविला होता तेथे रंगीत खडूने बिंदू द्यावा. बिंदू का दिला हे त्याने एका वाक्यात सांगावे: ‘शेळ्या पुष्कळ आहेत व पुढे ना आहे.’

तिसऱ्या दिवशी शब्दांच्या जोड्या घ्याव्यात: रग व रंग, वश व वंश, कस व कंस, आबा व आंबा, भाग व भांग. एका बिंदूने शब्द कसा पालटतो हे पाहून मुलांना मौज वाटते व बिंदूविषयी आदरही उत्पन्न होतो.

चौथ्या दिवशी दहा ओळींचे श्रुतलेखन घ्यावे. ते तपासताना शिक्षकाने फक्त बिंदूच्या चुका पाहाव्यात; ऱ्हस्वदीर्घ त्या दिवशी सोडून द्यावे. सगळ्या चुका एकाच वेळी लाल शाईने दाखविल्या तर पान रक्तबंबाळ होते आणि मूल त्यांतील एकही चूक दुरुस्त करीत नाही. चुकलेला शब्द दहा वेळा लिहावयास लावण्यापेक्षा तो शब्द घालून नवे वाक्य करावयास सांगावे.

आणि या सर्वांपूर्वी शिक्षकाने स्वतःचा फळा तपासावा. शाळेच्या भिंतीवरील सुविचार, सूचनाफलक, वर्गावरील पाटी यांवर ‘नांव’ किंवा ‘विद्यार्थ्याना’ असे असेल तर मुलांचे डोळे तेच टिपून घेतात. भिंतीवरील अक्षर मूल वर्षभर वाचते. पाठातील अक्षर एक दिवस.

६. जनरल रजिस्टर व दाखला

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पहिलीत मूल दाखल होते त्या दिवशी शिक्षक जनरल रजिस्टरमध्ये त्याचे नाव लिहितो. पुढे तेच नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते. दाखल्यावरून ते जातीच्या प्रमाणपत्रावर, बँकेच्या खात्यावर, नोकरीच्या अर्जावर जाते. ‘शिंदे’ ऐवजी ‘शिदे’, ‘कांबळे’ ऐवजी ‘काबळे’, ‘पांडुरंग’ ऐवजी ‘पाडुरंग’ असे एकदा नोंदले गेले आणि त्यावरून इंग्रजी नाव लिहिले गेले, तर त्यातील एन किंवा एम हे अक्षरच नाहीसे होते. मग बापाचे आडनाव एक व मुलाचे दुसरे असे कागदोपत्री दिसू लागते. वाचणारा माणूस संदर्भाने सांभाळून घेतो. कागदाशी कागद ताडून पाहणारी यंत्रणा तसे घेत नाही. जनरल रजिस्टरमधील अशी नोंद मुख्याध्यापकास आपल्या मर्जीने बदलता येत नाही. त्यासाठी पुरावे व वरिष्ठांची परवानगी लागते. मोलमजुरी करणाऱ्या पालकास त्यासाठी रोज बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागतात. एका ठिपक्याची ही किंमत आहे, आणि ती चूक करणाऱ्यास नव्हे, त्या कुटुंबास मोजावी लागते.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. नाव नोंदविण्यापूर्वी जन्माचा दाखला व वडिलांची कागदपत्रे पाहावीत. नोंद केल्यावर ती पालकास मोठ्याने वाचून दाखवावी. पालक निरक्षर असेल तर दोनदा वाचावी. आणि नावाच्या प्रत्येक अक्षरावरून, माथ्यासकट, एकदा बोट फिरवावे. मात्र येथे शुद्धलेखनाचा आग्रह उलट बाजूनेही धरू नये. एखादे कुटुंब आपले आडनाव जुन्या पद्धतीने ‘गांवकर’ असे लिहीत असेल व त्याच्या सर्व कागदांवर तसेच असेल, तर शिक्षकाने ते परस्पर ‘गावकर’ करू नये. शब्द भाषेचा असतो. नाव ज्याचे त्याचे असते.

७. सराव

पुढील प्रत्येक वाक्यात बिंदूच्या किंवा अनुनासिकाच्या दोन चुका आहेत. प्रथम स्वतः शोधाव्यात, मग चौथीच्या मुलांना द्याव्यात.

१) प्रत्येक विद्यार्थ्यांनी आपले नांव वहीवर लिहावे.
२) आठ दिवसात पालकाची सभा घेण्यात येईल, सर्वांनी यावे.
३) घरी जातांना मुलानी रस्ता जपून ओलांडावा.
४) तेंव्हा डोंगरावरून सुदंर देखावा दिसत होता.
५) संम्मेलनाच्या दिवशी सर्वांना अंन वाढण्यात आले.
६) माझ्या वडिलाचे खाते याच बॅकेत आहे.

उत्तरे: १) विद्यार्थ्याने, नाव. २) दिवसांत, पालकांची. ३) जाताना, मुलांनी. ४) तेव्हा, सुंदर. ५) संमेलनाच्या किंवा सम्मेलनाच्या, अन्न. ६) वडिलांचे, बँकेत.

प्रत्येक शिक्षकाने या महिन्यात आपल्या वर्गाच्या वह्यांतून अशा चुकांची एक यादी करावी व वर दिलेल्या सात प्रकारांत ती विभागावी. कोणता प्रकार अधिक आहे हे कळले म्हणजे कोणता पाठ आधी घ्यावा हे आपोआप ठरते. केंद्राच्या मासिक बैठकीत या याद्या एकत्र वाचल्या तर एका शाळेस सापडलेला उपाय दुसरीसही मिळेल. ज्या शाळांत हिंदी किंवा उर्दू बोलणारी मुले अधिक आहेत, त्यांच्या याद्या इतरांपेक्षा वेगळ्या निघण्याचा संभव आहे. त्या स्वतंत्र ठेवून पाहाव्यात.